टाकीमागचा पक्षी

मे १२

आज गावाचं गवत कापलं. वर्षातून दोनदा सगळी वस्ती उतरते आणि डोंगराच्या कडेचा रस्ता मोकळा करते. घरटी एक माणूस. आमच्या घरून पूर्वी माझा नवरा एइतोकु जायचा, गवत कापायचं यंत्र खांद्यावर घेऊन. दोन वर्षं झाली, मी जाते, विळा घेऊन. तो अंगणात खुर्चीवर बसतो आणि यंत्रांचे आवाज ऐकतो.

मधेच सेइजुनचं यंत्र थांबलं. सेइजुन आमचा गावप्रमुख. तो बोलताना थांबत नाही, गवत कापतानाही नाही, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले. त्याच्या पायाशी गवतात एक खळगा होता आणि त्यात अंडी. पांढरट, तांबूस ठिपक्यांची.

"यामादुई," शेजारची म्हातारी कामादो ओबा म्हणाली. टीव्हीवर त्या पक्ष्याचं नाव वेगळं आहे, मोठं आहे. आम्ही अजून यामादुई, डोंगरकोंबडीच म्हणतो. आमच्या बेटाबाहेर ती कुठेच नाही, बेटावरही फक्त आमच्या या उत्तरेकडच्या डोंगरात. पक्षीण कुणाला दिसली नाही. तिला उडता येत नाही. यंत्राला भिऊन पळाली असणार.

नियम सगळ्यांना पाठ आहे. भोवतीचं गवत ठेवायचं, तिथून निघायचं, पक्षी वाचवणाऱ्या केंद्राला फोन करायचा. सेइजुनने तरी तो पुन्हा ऐकवला. आम्ही गवताचं एक बेट सोडून पुढे गेलो.

"सगळीकडं टक्कल आणि मधे एक शेंडी," ओबा म्हणाली. "कावळ्यांना पत्ता लिहून दिला तुम्ही."

दुपारी मी पुन्हा गेले. विळा विसरला होता. कावळे उडाले. ओबाचं खरं झालं होतं. एक अंडं तेवढं घरंगळून गवताखाली राहिलं होतं. ते गार होतं.

केंद्राला फोन करायचा होता. पण आमची कोंबडी नाबे गेल्या आठवड्यापासून खुडुक आहे. रिकाम्या खोक्यात बसून असते, जवळ गेलं की फुगते. मी अंडं एप्रनच्या खिशात घातलं. आई बदकाची अंडी अशीच कोंबडीखाली ठेवायची. यात काही विशेष केलं असं मला वाटलं नाही.

फोन उद्या करीन.

मे १४

फोन केला नाही.

मे १९

रुग्णालयातल्या बाईने सांगितलं होतं, त्याच्याशी रोज बोलत जा. मी बोलायचे. पण उत्तर न देणाऱ्या माणसाशी बोलताना आपला आवाज चढत जातो. एकदा मी त्याला मिसो-सूप गरम आहे हे ओरडून सांगितलं. शेजारून कामादो ओबा म्हणाली, "कळलं, फुमि, मी नाही पिणार." तेव्हापासून कमी बोलते. म्हणून ही वही.

झटका आला त्या दिवशी एइतोकुचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हात थोडा परत आला. त्याला सगळं समजतं. तोंड उघडतो, मग मिटतो. दार उघडून कुणी बाहेर नाही म्हणून पुन्हा लावावं, तसं. डॉक्टर म्हणाले, जे यायचं होतं ते आलं.

नाबे खोक्यातून हलत नाही. तिच्याखाली हात घालून पाहिलं. अंडं उबदार आहे.

मे २८

पहाटे डोंगर खाली आला होता. धुकं अंगणातून घरात, घरातून मागच्या दाराने बाहेर जात होतं. मी खुराड्याशी गेले तेव्हा नाबेच्या पोटाखालून काहीतरी काळं निघालं. कोळशाच्या तुकड्याला पाय फुटावेत तसं. पाय अंगाच्या मानाने फार मोठे. ते पडलं, उठलं, पुन्हा नाबेच्या पिसांत गेलं.

मी एइतोकुला आणलं. तो काठी टेकत आला, काठी बाजूला ठेवली आणि खाली वाकून बसला. दोन वर्षांत तो असा बसला नव्हता. बराच वेळ बसून होता. उठवायला मला आणि भिंतीला दोघींना जोर लावावा लागला.

जून ३

कामादो ओबा काकडीची रोपं मागायला आली आणि सरळ खुराड्याकडे गेली.

"हे कसलं पिल्लू?"

"कोंबडीचं."

"कुठल्या?"

"नाबेच्या."

"नाबे पिवळट. कोंबडा तर तुझ्याकडं नाहीच."

मी खुराड्याचं दार लावलं.

"असेल," ओबा म्हणाली. "माझ्या थोरल्या बहिणीचं नाव नाबे होतं. तिच्याही पोरांत एक असंच काळंभोर निघालं. कुणी विचारलं नाही."

रोपं न घेताच गेली. ती नव्वदीला टेकली आहे, नजर कमी झाली आहे. तिने विश्वास ठेवला हे बरं झालं.

जून ४

सकाळी उंबऱ्यावर वाडगा होता, वर अळूचं पान. आत गोगलगाई. ओबाच्या भाजीला त्यांचा त्रास होतो, म्हणून माझ्या कोंबड्यांना पाठवल्या असतील. चांगली आहे ती.

नाबेने गोगलगाय पाहिली आणि मान वळवली. पिल्लाने ती चोचीत धरली, दोनदा पाडली, मग खुराड्याच्या कोपऱ्यातल्या दगडावर आपटली. त्याला हे कुणी दाखवलं नव्हतं. नाबे त्याच्याकडे बघत राहिली.

जून ९

पाऊस, पाऊस. सेइजुन छत्री घेऊन डबाभर गांडुळं देऊन गेला. "खताला," म्हणाला. माझ्याकडे खताचा खड्डा नाही, हे त्याला माहीत असायला हवं. मीच त्याला गेल्या वर्षी बुजवायला बोलावलं होतं.

सहकारी दुकानात चियो आहे, तिने आज टोफूबरोबर वाळके किडे दिले, मासे पकडायचे. मी मासे पकडत नाही. "असू द्या, फुमि-सान," म्हणाली. लोक अलीकडे काहीही देतात.

बरं आहे, कुणाला कळलेलं नाही.

जून १६

पाऊस उघडला तशी संध्याकाळी एक डोंगरकोंबडी फार जवळ ओरडली. त्यांचं ओरडणं रोजचंच. अंधार पडण्याआधी एक सुरू करते, मग दुसऱ्या उतारावरून दुसरी, मग सगळा डोंगर. पण घराजवळ कधी येत नाहीत. ही पाण्याच्या टाकीमागे होती. पहिल्यांदा अडखळली, थांबली, पुन्हा सुरू झाली. आवाज घोगरा. म्हातारा नर असावा.

पिल्लाने मान वर केली. नाबेने केली नाही.

मी एइतोकुला सांगायला गेले. तो न्हाणीत होता, नळ चालू होता. न्हाणीघर टाकीला लागूनच आहे. त्याला तर अगदी कानाशी ऐकू आलं असेल. जेवताना विचारलं, "ऐकलंस का?" त्याने मान हलवली. कान लाल झाले होते. पाणी जास्त गरम केलं असावं मी.

जून २४

केंद्राची चिनेन-सान आली. मुंगूस पकडायचे सापळे बघायला ती महिन्यातून एकदा येते. पांढरी छोटी गाडी, चिखलाने अर्धी तपकिरी. ओट्यावर बसली, जाईचा चहा घेतला, काळ्या गुळाचा खडा तोंडात ठेवला. खुराड्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. इतकं न पाहणं जरा विचित्र वाटलं.

भिंतीकडे बघून ती म्हणाली, "कुणाकडे पिल्लू असलं, तर मला ते न्यावं लागेल."

"हो का."

"आणि माणसांत, कोंबड्यांत वाढलेलं पिल्लू मला डोंगरात सोडता येत नाही. ते जाळीतच राहतं. कायमचं. जाळी मोठी आहे, आत झाडं आहेत. पण जाळीच आहे."

मी चहा ओतला.

"म्हणून माझी इच्छा अशी की कुणाकडे नसावं. आणि नसलं, तरी त्याच्याशी कुणी बोलू नये. हाताने भरवू नये. माणसाचा आवाज म्हणजे खाणं, हे एकदा डोक्यात बसलं की ते रस्त्यावर येतं. मी हळू चालवायचे बोर्ड लावलेत. गाड्या वाचत नाहीत."

"त्या बोर्डावरची कोंबडी फार लठ्ठ काढली आहे," कुंपणापलीकडून कामादो ओबा म्हणाली.

"आणि मुख्य म्हणजे झाड. ती रात्री झाडावर झोपते. जमिनीवर झोपलेली मांजराला सापडते, हाबू सापाला सापडते. ते आईबापच शिकवतात. जे स्वतः झाडावर झोपतं आणि माणूस दिसला की पळतं, ते कुणाचं नाही. ते मी कशाला बघू?"

"कोंबडी झाडावर झोपत नाही," मी म्हणाले.

"मी कोंबडीचं नाव काढलं नव्हतं, फुमि-सान."

तिने कप खाली ठेवला, वाकून नमस्कार केला. एइतोकुलाही केला. गाडी सुरू करून थोडा वेळ तशीच बसली, मग गेली.

तिला काही कळलं असेल असं वाटत नाही.

जून २९

पिल्लाशी बोलणं बंद केलं. खाणं ते झोपेत असताना ठेवते. खुराड्याची दारं दिवसभर उघडी.

एइतोकुशी आधीच कमी बोलत होते. आता घरात माझा आवाजच नाही. मला वाटलं होतं, जड जाईल. तसं झालं नाही. घर पाण्याखाली गेल्यासारखं आहे. टाकीतून थेंब पडतो, त्याचा आवाज किती वेळ राहतो ते ऐकत बसते. एइतोकु आणि मी खुणांनी बोलतो. काल त्याने चवीची खूण केली, मी मीठ दिलं, त्याने मान हलवली, मी आलं दिलं. त्याला फक्त मला थांबवून बसवायचं होतं. मग आम्ही बसलो.

दुपारी डोळा लागला. स्वप्नात डोंगर गुडघे मोडून अंगणात बसला होता आणि वाट बघत होता. कुणाची ते विचारावं असं वाटलं, पण मी बोलायचं नव्हतं.

जुलै ६

टाकीमागचा पक्षी रोज येतो. आवाज आता बराच सुधारला आहे. पिल्लू त्याच्याकडे जायला लागलं आहे. टाकीमागे आकागीचं जुनं झाड आहे, वादळाने तिरपं केलेलं, खोडावरून चालत जावं असं. आज पिल्लू त्या खोडावर चढलं. नखं रोवत, पंख हलवत, एखादी बाई किमोनो सावरत पायऱ्या चढावी तसं. मग नाबेने खोक्यातून कुक् कुक् केलं. ते थांबलं. टाकीमागून हाक आली. नाबेने पुन्हा बोलावलं.

ते उतरलं आणि खोक्यात गेलं.

मला आनंद झाला. लिहून ठेवते, कारण तो व्हायला नको होता.

एइतोकु न्हाणीतून आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना माती होती. पडला असावा. खुणेने विचारलं तर त्याने नकाराची मान हलवली.

जुलै १३

बेटावरचा पावसाळा जूनअखेरच संपला. सकाळी गावाच्या भोंग्यावरून सेइजुनचा आवाज आला. "सर्व गाडीवाल्यांना सूचना. फुमि-सानच्या घराजवळ रस्ता ओला आहे. गाड्या चालण्याच्या वेगाने न्याव्यात. पुन्हा सांगतो."

मी बाहेर जाऊन पाहिलं. रस्ता कोरडा ठणठणीत होता. पायाला चटका बसत होता. सेइजुनचंही वय झालं.

तरी टपालवाला स्कूटर ढकलत गेला.

जुलै २१

पिल्लू आता पिल्लू राहिलेलं नाही. पोटावर पांढऱ्या काळ्या रेघा आल्या. चोच टोकाकडून लाल होते आहे. नाबेपेक्षा उंच झालं, तरी तिच्या पंखाखाली शिरायला बघतं. डोकं तेवढं मावतं. नाबे पंख उचलते आणि वाऱ्यावर उभी राहिल्यासारखी तशीच उभी राहते.

अलीकडे नाबे त्याला घेऊन रस्त्यापर्यंत जाते. डांबरावर सकाळची ऊब असते, किडे येतात. मी दोघांना हाकलते, तोंड न उघडता, झाडू हलवून. नाबेला वाटतं, मी झाडते आहे.

संध्याकाळी ते आकागीवर चढतं, हाक ऐकतं, आणि अंधार पडला की उतरून खोक्यात जातं. रोज. मी रोज ठरवते की आज नाबेला घरात कोंडायचं. रोज राहून जातं.

ऑगस्ट ५

नाबे मेली.

भाड्याची गाडी होती, पर्यटकांची. फार जोरात नव्हती. तरुण जोडपं उतरलं, मुलगी रडत होती. मुलगा सारखा वाकून माफी मागत होता. मी म्हणाले, कोंबडी होती, जाऊ द्या.

पक्षी तिच्याजवळ उभा होता. भर रस्त्यात, गाडीच्या चाकाशी. पळाला नाही. मुलगा त्याच्या अगदी जवळ गेला तरी पळाला नाही. त्याने मान वाकवली आणि नाबेच्या पंखाखाली डोकं घालायला बघितलं. पंख उचलला गेला नाही.

मुलाने विचारलं, "ही ती बोर्डवरची ना?"

मी पक्ष्याला हातात उचललं. तो शांत बसला. डोंगरातला पक्षी असा हातात बसत नाही. त्याचं काळीज माझ्या तळव्यावर वाजत होतं, आणि मला तेव्हा समजलं मी काय केलं ते. मी त्याला रस्ता दिला, अंगण दिलं, झाडू हलवणारी बाई दिली.

संध्याकाळी टाकीमागचा पक्षी ओरडत राहिला. उत्तर नाही. आमचा पक्षी रिकाम्या खोक्यात होता. बाकी डोंगर गप्प झाला तरी टाकीमागचा थांबला नाही. शेवटी शेवटी आवाज फाटला होता.

एइतोकु खोकतो आहे. सूप गिळताना त्रास झाला. आलं आणि काळा गूळ उकळून दिला.

ऑगस्ट ६

चिनेन-सानला फोन केला. म्हणाले, "माझ्याकडे आहे. घेऊन जा. जाळीत का होईना, जिवंत राहील."

तिकडे ती कॅलेंडर चाळत असावी, पानांचा आवाज आला. मग म्हणाली, "पुढच्या आठवड्यात तुमचा शिनुगु आहे ना?"

"आहे."

"सणात गाडी घेऊन गावात येणं बरं नाही. झाला की दुसऱ्या दिवशी पहाटे येते. तोवर खोकं काढून टाका."

"खोकं?"

"कोंबडीचं. आणि तुम्ही त्याला दिसू नका."

फोन ठेवला तर कुंपणाशी कामादो ओबा. "इतके दिवस गोगलगाई वेचून माझी कंबर मोडली," ती म्हणाली, "आणि तू देऊन टाकतेस होय."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"बघतेस काय? अख्ख्या गावात एक गोगलगाय उरली नाही. माझ्या कोबीला बहर आलाय."

ऑगस्ट ७

खोकं जाळलं. धूर डोंगराकडे गेला.

तीन महिने मी समजत होते की मी एकटी लपवते आहे. आज दुकानात गेले. चियोने काही न बोलता किड्यांचा पुडा पुढे केला. मला हसू आलं, आणि मग आवरेना. तीही तोंड झाकून हसत होती. पाच दिवसांनी तो जाणार. हे तिलाही माहीत होतं.

ऑगस्ट ९

दार लावून घरात बसते. कागदी दाराच्या फटीतून बघते. तो अंगणात फिरतो, खोकं होतं त्या जागेवर उभा राहतो. टाकीमागून हाक येते. आज तो आकागीवर चढला, अंधार होईपर्यंत बसला. मग उतरला आणि राखेत बसून झोपला.

ऑगस्ट ११

आज शिनुगु.

दुपारी पुरुष डोंगरात जातात. वर गेल्यावर कुणी बोलायचं नसतं. वेली, नेचे अंगाला गुंडाळायचे, तोंड झाकायचं, आणि आपलं माणूसपण वर ठेवून खाली यायचं. येताना ओरडायचं. त्या ओरडण्यानेच वर्षाची इडापीडा जाते. म्हणून एइतोकु दोन वर्षं गेला नाही. मुका माणूस तिथे काय करणार?

सेइजुन दारात आला. "एइतोकु-सान, चल. वर बसायला दगड आहे. कंटाळा आला तर मला शिव्या दे, मनातल्या मनात. रोज तेच तर करतोस."

एइतोकुने काठी घेतली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याने बूट घातले ते ऐकलं.

आम्ही बाया वाटेच्या तोंडाशी थांबलो. ऊन कलतं झालं. आधी काही दिसत नव्हतं, नुसता उतार हलत होता. मग उताराचे तुकडे सुटे झाले आणि चालायला लागले. हिरवे, डोळे नसलेले, पानांतून पाणी गळणारे. एऽ हेऽ होऽ. ढोल. एऽ हेऽ होऽ. दरवर्षी बघते, दरवर्षी पाय गार पडतात. कुणाचा नवरा कोणता ते ओळखता येत नाही, ओळखायचंही नसतं.

सगळ्यांत मागे एक आवाज अर्धा श्वास उशिरा येत होता. घोगरा. मला वाटलं सेइजुन. पण सेइजुन पुढे ढोल वाजवत होता, त्याचं पोट पानांतूनही कळतं.

ते आमच्याभोवती फिरले. फांद्यांनी आम्हाला झोडपलं, हळूच, पीडा झटकायला. माझ्यापुढे एक हिरवा ढिगारा थांबला. त्याने फांदी माझ्या खांद्यावर टेकवली. डाव्या हाताने. आणि पुढे गेला.

मग सगळे समुद्राकडे गेले, वेली सोडायला.

घरी आले तर अंगणात राखेवर कुणी नव्हतं. न्हाणी, खुराडं, रस्ता, सगळीकडे पाहिलं. रस्त्यावर दोनदा गेले. मग नाव घेऊन हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मी त्याला नावच ठेवलं नव्हतं.

"वर बघ, खुळे," ओबा कुंपणाजवळून म्हणाली.

आकागीवर नाही. आकागीच्या पलीकडे, डोंगर सुरू होतो तिथल्या झाडावर. पानांत एक गोळा, लाल पाय पोटाखाली घेतलेले. एइतोकु अजून समुद्रावरून आला नव्हता, आणि टाकीमागून त्या वेळी हाक आली नाही. गरजच नव्हती.

ऑगस्ट १२

चिनेन-सान पहाटे आली. गाडी दूर ठेवून चालत आली, हातात हवेसाठी भोकं पाडलेली पेटी. आम्ही तिघं टाकीशी उभे राहिलो, मी, ती आणि एइतोकु.

उजाडलं तसा झाडावरचा पक्षी हलला. एक पाय, मग दुसरा. मान लांब केली. मग धप्पकन खाली पडला. ते असेच उतरतात, पडल्यासारखे. उठला, अंग झाडलं आणि वळला. आम्ही त्याला दिसलो.

मी हलले नाही. माझ्याकडे त्याने एका डोळ्याने पाहिलं. मग दुसऱ्या डोळ्याने. आणि पळाला. नेचे एकदा हलले, मिटले.

मला पाहून पळाला. अडीच महिने त्याला खाऊ घातलेल्या मला पाहून.

चिनेन-सानने नाक पुसलं. "हा कुणाचाच नाही," ती म्हणाली. "मी उगाच आले." मग म्हणाली, "पण झाडावर झोपायला याला शिकवलं कुणी?"

"एक म्हातारा पक्षी येतो टाकीमागे," मी म्हणाले. "रोज संध्याकाळी."

ती एइतोकुकडे बघत राहिली. मग त्याला खाली वाकून नमस्कार केला, नेहमीपेक्षा खोल. तो टाकीवरचं शेवाळ काठीने खरवडत होता.

पेटी रिकामी गेली. ओबा म्हणाली, "पेटीत माझा कोबी तरी ने."

ऑगस्ट १७

घरात पुन्हा बोलायला हरकत नाही. सवय मोडली आहे.

अंगण मोठं झालं. सकाळी झाडू घेतला आणि कुणाला हाकलायचं नव्हतं.

ऑगस्ट ३०

रस्त्यावर अजून लोक हळू जातात. सेइजुनने भोंग्यावरून रस्ता वाळला असं सांगितलेलं नाही.

संध्याकाळी डोंगर ओरडायला लागला. मी भाताखालचा जाळ कमी केला. सगळ्यांत आधी टाकीमागचा. तो अजून येतो. आवाज आता चांगला भरला आहे. तो थांबला की वरच्या उतारावरून एक उत्तर येतं, कोवळं, शेवटाला फुटणारं.

आईची आठवण झाली. माझ्या लग्नाआधीच्या वर्षी तिच्या घरामागे बांबूंत एक डोंगरकोंबडी येऊन ओरडायची, रोज दिवे लावायच्या वेळी. आई रताळी सोलता सोलता म्हणायची, यंदा एक पक्षी फार धीट झालाय, फुमि, जा, विहिरीवरून पाणी आण. मी कळशी घेऊन मागच्या दाराने जायचे. यायला उशीर व्हायचा. आईने कधी कारण विचारलं नाही. माझं लग्न झालं आणि तो पक्षी बांबूंत यायचा बंद झाला.

आई कधी उठून बघायला गेली नव्हती.

टाकीमागून पुन्हा हाक आली. न्हाणीतला नळ चालू होता. मी दोन वाडग्यांत भात वाढला, झाकला, आणि नळ बंद होण्याची वाट बघत बसले.